वीस बरण्या

फळी बोटभर वाकली होती. एवढीच गोष्ट. पण ती सकाळी साडेआठला, केंद्र उघडायच्या आधी, दालनप्रमुख मॅडमच्या नजरेला पडली आणि मग ती एवढीच राहिली नाही. विज्ञान केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरचं 'विश्व कशाचं बनलं आहे' हे नवं दालन सोमवारी खुलं व्हायचं होतं आणि आज शुक्रवार. ग्रहांचे गोळे टांगून झाले होते, तेजोमेघांचे फोटो लागले होते, कृष्णविवराच्या जागी जे काळं नरसाळं बसवायचं होतं तेही बसलं होतं. मुख्य भिंतीवर बारा फुटी फळी आणि तिच्यावर ओळीनं वीस काचेच्या बरण्या. एक बरणी म्हणजे अख्ख्या विश्वाच्या शंभर भागांपैकी पाच भाग. पहिल्या बरणीत आपल्या ओळखीचं सगळं, म्हणजे ज्याला हात लावता येतो, जे जळतं, चमकतं, विरघळतं ते. पुढच्या साडेपाचएक बरण्या डार्क मॅटरच्या, आणि उरलेल्या साऱ्या डार्क एनर्जीच्या. या एकोणीस आतून काळ्या रंगवलेल्या, झाकणं घट्ट लावलेली. सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे रिकाम्या. मॅडमनी आधी फळीकडे पाहिलं, मग सुताराला बोलावलं, सुतारानं मधली एक बरणी उचलायला हात घातला आणि तो म्हणाला, "अहो, ह्यात काय धोंडे भरलेत का?" मग साहजिकच गोंदकाकाला फोन गेला.

गोंदकाका म्हणजे केंद्राच्या कार्यशाळेतला मॉडेल बनवणारा. नखांतून कधीच न जाणाऱ्या गोंदामुळे हे नाव त्याला पहिल्याच वर्षी पडलं होतं, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी त्याला त्याचं काही वाटतसुद्धा नव्हतं. फोन आला तेव्हा तो घरात अण्णांच्या बॅगेची चेन ओढत होता. चेन अडकली होती. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, शेजारी खुर्चीत बसून सांगत होते की ओढू नकोस, मागं घे, मागं घे. ते सांगत होते ते बरोबर होतं आणि नेमका त्याचाच राग येत होता. साडेअकराला ताई गाडी घेऊन येणार होती. ती अण्णांना कायमची तिच्या गावी घेऊन जाणार होती. कायमची हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, अण्णांचे गुडघे गेलेले, ताईचं घर तळमजल्यावर, असंच सगळे बोलत होते, जणू प्रश्न पायऱ्यांचाच होता. आणि काल जेवताना अण्णा सहज म्हणाले होते की जाताना वाटेत तुझं ते ऑफिस बघून जाऊ. एकोणतीस वर्षांत जो माणूस एकदाही आला नाही त्याला जायच्या दिवशी यायचं होतं. गोंदकाका बरं म्हणाला आणि पान अर्धं टाकून उठला. त्याचं कारण अण्णा नव्हते. त्याचं कारण पहिल्या बरणीत होतं.

पण आधी दालनाच्या मॅडमना काय सांगायचं ते ठरवायला हवं होतं. बसमध्ये उभ्यानं तो उत्तरं जुळवत होता आणि एकही उत्तर शहाण्या माणसाचं वाटत नव्हतं. खरं उत्तर असं होतं की त्यानं वीसही बरण्या सारख्या वजनाच्या केल्या होत्या. प्रत्येक बरणी, काच, झाकण, रंग धरून, बरोबर दोन किलो. काळ्या बरण्यांत शिशाच्या गोळ्या भरून. तीन आठवडे गेले त्यात. काचेच्या दोन बरण्या कधी एका वजनाच्या नसतात, त्यामुळे प्रत्येकीत गोळ्या वेगळ्या, वर कापूस वेगळा, मग झाकणाच्या रबरामुळे दोन ग्रॅम इकडे तिकडे, मग परत उघडा. सातव्या बरणीनं तर नाकी नऊ आणले. डार्क मॅटर संपतं आणि डार्क एनर्जी सुरू होते ते नेमकं सातव्या बरणीच्या मध्येच, तेव्हा आत उभा पत्रा घालून चार आणि सहा असे भाग केले, आणि शिसंही त्याच प्रमाणात दोन्हीकडे वाटलं. काळा रंग दिल्यावर त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कोणी कधी ती बरणी उचलणार नव्हतं. मग कशाला केलंस, असं कोणी विचारलं तर तो एवढंच म्हणू शकला असता की पाटीवर पाच टक्के लिहायचं आणि बरणीत शून्य ठेवायचं हे त्याला जमलं नाही. हे घराण्यातलंच होतं. वजनमाप निरीक्षकाच्या पोटी जन्म घेतला की हे भोग असतातच.

केंद्रातल्या लोकांना ह्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. गेले सहा महिने त्यांनी त्याच्या डोक्याला नुसता ताप दिला होता. खगोलशास्त्राचा सल्लागार महिन्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा आणि केलेल्या कामात खोट काढून जायचा. पहिल्या बरणीत वाळू, लोखंडाचा कीस, मीठ, कोळसा, शिंपला, पीस, पाण्याची कुपी हे सगळं पाहून तो म्हणाला होता की हे छान दिसतं, पण हे खोटं आहे, ह्या पाच टक्क्यांतही बहुतेक सगळा नुसता वायू आहे, ताऱ्यांच्या, दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत विरळ पसरलेला. तारे त्यातला लहानसा भाग आणि ग्रह, दगड, माणसं हे सगळं मिळून बरणीच्या बुडाला लागलेली धूळसुद्धा नाही. मग काय, पहिलीही रिकामी ठेवायची? तर मॅडम म्हणाल्या की लोकांना काहीतरी दिसायला हवं. काळ्या बरण्यांतही काहीतरी दिसायला हवं, असंही त्या म्हणाल्या, निळा दिवा लावू या का? शिवाय पाटीवर एक ओळ त्यांनी स्वतः सुचवली होती: जे दिसत नाही, तेच नात्यांना बांधून ठेवतं. ती वाचून गोंदकाकाचं पित्त खवळलं होतं. नाती कुठून आली ह्यात? दीर्घिकेच्या कडेचे तारे हिशोबापेक्षा जोरात फिरतात, दिसतं तेवढ्याच वस्तूच्या ओढीवर असते तर ते केव्हाच भिरकावले गेले असते, म्हणजे तिथं आणखी काहीतरी वजनदार आहे, इतकी साधी, सरळ, कोरडी गोष्ट होती ती. तिला हळद-कुंकू लावून सजवायची काय गरज? एकदा त्यानं सल्लागाराला कँटीनमध्ये, सहज विचारल्यासारखं करून, विचारलं होतं की समजा डार्क एनर्जीच्या बरणीला वजन दिलं तर. सल्लागार हसत सुटला. अहो ती ओढत नाही, ती तर सगळं एकमेकांपासून लांब ढकलते, तिला कसलं वजन देता! टक्के तुम्हीच दिलेत ना, गोंदकाका मनात म्हणाला, मग आता हसता कशाला.

दालनात पोचला तेव्हा मॅडमनी सगळ्या बरण्या उतरवून समोरच्या लांब टेबलावर ठेवून घेतल्या होत्या. त्यांनी एकीचं झाकण उघडलं होतं आणि हाताच्या तळव्यावर तीन-चार शिशाच्या गोळ्या घेऊन त्या उभ्या होत्या. चाळीस किलो, एवढंच म्हणाल्या, कशासाठी? त्यानं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा लहान मुलाची चूक ऐकणाऱ्या माणसासारखा होत गेला आणि त्याला वाटलं की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत सगळं शिसं बाहेर काढा, त्या म्हणाल्या. आणि मग दारातून वळून, खरंच न कळून, "पण कुणाला कळणार होतं हो?" असं विचारून गेल्या.

कुणाला कळणार होतं. टेबलाशी एकटा उभा राहून त्यानं पहिल्या बरणीचं झाकण फिरवलं. आज शिसं काढायचं आहे ते राहू दे, आधी हे. वाळूत तीन बोटं घालून, शिंपल्याच्या खालून, त्यानं ती वस्तू चिमटीत धरून वर काढली, चष्म्याच्या फडक्यात गुंडाळली आणि पँटच्या खिशात टाकली. शंभर ग्रॅमचं पितळी वजन. वरती लहानशी गोल मूठ, बुडाला शासकीय शिक्का. शेहेचाळीस वर्षं ते त्याच्याजवळ होतं. कंपासपेटीत, मग बुटांच्या खोक्यात, मग लग्नानंतर स्क्रूच्या डब्यात, आणि प्रत्येक घर बदलताना आधी ते हलवायचं आणि मग सामान. दालनाचं काम आलं तेव्हा त्याला वाटलं की हीच जागा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्यात तयार झालेली, पहिल्या बरणीत त्याचा हक्कच आहे. झाकण लावायचं, बरणी फळीला स्क्रूनं जखडायची, हजारो लोक समोरून जातील आणि कोणाला दिसणार नाही. आपल्यालाही नाही. मग काल रात्रीच्या जेवणात अण्णांनी ते वाक्य टाकलं. अण्णांची नजर अजून शाबूत होती. वाळूतून ती मूठ जरा वर आली असती तरी त्यांनी काचेबाहेरून ओळखलं असतं.

अकरा वर्षांचा होता तो. अण्णांच्या पेटीत निळ्या मखमलीत कोरलेल्या खळग्यांत दहा प्रमाणवजनं बसलेली असत, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि घरात एकच नियम होता की त्यांना उघड्या बोटांनी शिवायचं नाही. अण्णा स्वतःही शिवत नसत. मऊ कातडं, नाहीतर चिमटा. बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं, ते सांगायचे, आणि ह्याच्यावर अख्ख्या बाजाराची वजनं तपासायची असतात. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं आणि त्याला फक्त ते कसं लागतं ते पाहायचं होतं. गार लागलं. एवढंच. मग त्यानं पाहिलं तर चकचकीत पितळेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ. सदऱ्यानं पुसला तर तो फाकला. मग तो मोरीत गेला आणि भांडी घासायच्या वाळूनं त्यानं वजन घासलं, ठसा जाईपर्यंत, आणि गेल्यावरही जरा वेळ. धुऊन पाहिलं तर ते सगळं बारीक ओरखड्यांनी भरलं होतं. दुसरं कोणतंही पोर असतं तर त्यानं ते गपचूप खळग्यात ठेवून दिलं असतं. पण हा त्या घरातला होता. त्याला लगेच कळलं की घासल्यावर झिजलं, झिजलं म्हणजे हलकं झालं, आणि आता हे परत ठेवलं तर अण्णा उद्यापासून सगळा बाजार खोट्या वजनानं तपासतील. म्हणून त्यानं ते लपवलं. चोरी म्हणून नाही, प्रामाणिकपणा म्हणून. ह्या गोष्टीचा विचार करताना त्याला अजूनही त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटे.

पुढचं सगळं फारसा आवाज न होता झालं. अण्णांनी रात्री जेवताना एकदाच विचारलं की शंभराचं कोणी पाहिलं का. आई नाही म्हणाली, ताई नाही म्हणाली, हाही नाही म्हणाला. अण्णांनी तिघांवर विश्वास ठेवला. ते ओरडले असते, मारलं असतं, तर त्यानं तिथंच सांगून टाकलं असतं. निष्काळजीपणाचा ठपका आला, मग बदली, चार वर्षं लांबच्या एका ठिकाणी, जिथं शाळा नव्हती म्हणून अण्णा एकटे गेले. बढती त्यानंतर आलीच नाही. निवृत्तीपर्यंत ते निरीक्षकच राहिले. आणि आईनं आठ दिवस घर उलथंपालथं केलं, पिठाचे डबे चाळले, उशा उसवल्या, आणि शेवटी तिनं ठरवून टाकलं की केरात आपल्याच हातून गेलं. आयुष्यभर तिला तसं वाटत राहिलं. नऊ वर्षांपूर्वी, दवाखान्यात, कसलं तरी बोलणं निघालं तेव्हा ती हसून अण्णांना म्हणाली होती की मी काय, तुमचं वजनसुद्धा केरात टाकलं. तेव्हा तो पलंगाच्या पायाशी उभा होता, खिडकीचा पडदा नीट करत. तेव्हाही तो बोलला नाही. आईला सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता अण्णा निघाले होते. आज नाही तर मग फोनवर सांगणार होता का तो? ताईच्या घरी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर? आज नाही म्हणजे कधीच नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी पहाटेपासून त्यानं एकच काम केलं होतं: ते वजन खिशात लपवायची जुळवाजुळव.

बारा वाजायला आले तेव्हा ताई अण्णांना लिफ्टनं घेऊन वर आली. इथं लिफ्ट होती. अण्णांनी काठी टेकत टेकत सगळं दालन पाहिलं, वाचता येईल तेवढी प्रत्येक पाटी वाचली, आणि गुरूच्या गोळ्याखाली थांबून हे कशाचं केलंय ते विचारलं. कागदाचा लगदा, तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात त्याची पन्नास वर्षं गेली होती. ताई गाडी चुकीच्या जागी लावली आहे म्हणून खाली गेली, दहा मिनिटांत या म्हणाली. मग अण्णा टेबलापाशी आले, त्यांनी पाटी वाचली, बरण्या मोजल्या, आणि काठी टेबलाला टेकवून ठेवली. तो काही म्हणायच्या आत त्यांनी दोन हातांत दोन काळ्या बरण्या उचलल्या होत्या, कोपरं अंगाला चिकटवून, डोळे मिटून. हे त्यानं लहानपणी बाजारात शंभरदा पाहिलं होतं. मग त्या खाली ठेवून, हात बदलून परत. डावा हात लबाड असतो, म्हणून हात बदलायचाच, हे त्यांचं ठरलेलं.

"सारख्या केल्यात," अण्णा म्हणाले. डोळे उघडले होते.

"हो."

"काय आहे आत?"

"शिसं. म्हणजे खरं काय आहे ते कुणालाच माहीत नाही. वजन तेवढं माहीत आहे."

अण्णांनी ह्याच्यावर बराच विचार केला. काय आहे ते माहीत नाही, दिसत नाही, पण वजन काढलंय, असं त्यांनी सावकाश स्वतःशी म्हणून पाहिलं. कसं काढलं ते विचारलं. त्यानं कडेच्या ताऱ्यांचं सांगितलं, फिरण्याचा वेग, ओढ. त्याचं अर्धं त्यांना ऐकू गेलं नसावं. पण चेहऱ्यावर हरकत नव्हती, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या दालनात कोणीतरी त्याचं काम समजून घेतलं होतं. तेवढ्यात अण्णा एक एक करत पुढं सरकले होते, दोन-दोन बरण्या उचलत. तो नको म्हणत होता, गुडघे दुखतील, बसा जरा. ते ऐकत नव्हते. सातवीजवळ थांबून त्यांनी ती हलवून पाहिली आणि आत काहीतरी मध्ये आहे म्हणाले. मग ओळ संपवून परत सुरुवातीला आले. एका हातात दुसरी बरणी, एका हातात पहिली. डोळे मिटले. हात बदलले. पुन्हा बदलले. खिशातल्या फडक्याला त्याचा हात नकळत जाऊन लागला होता.

"ही हलकी आहे," अण्णा म्हणाले. बरणी खाली ठेवून, वाळूकडे बघत, आणखी जरा वेळानं, "शंभर ग्रॅम."

शेहेचाळीस वर्षांत त्यांच्या घरात हा आकडा मोठ्यानं कोणी उच्चारला नव्हता. दुकानात गेलं तरी आई पाव किलोच घ्यायची. अण्णांना आत्ता हे हातानं कळलं की आधीपासूनच माहीत होतं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही, आणि पुढंही कधी होणार नव्हती. त्यानं खिशातून फडकं काढलं. उघडलं. अण्णांनी पाहिलं. त्यांनी फडक्यातूनच ते उचलून डोळ्यांजवळ धरलं, बुडाचा शिक्का पाहिला, मग अंगावरचे ओरखडे.

"हे काय केलंस?"

"बोट लागलं होतं माझं. ठसा पडला. घासला मी वाळूनं." त्याचा आवाज त्याला ओळखू येत नव्हता. "मग वाटलं, कमी झालं असेल. परत ठेवलं तर तुमची सगळी तपासणी खोटी होईल."

अण्णांनी फडकं त्याच्या हातात परत दिलं आणि ते वजन उघड्या बोटांत धरलं. मग तळहातावर ठेवून हात जरा वर-खाली केला. हा माणूस जन्मात कधी प्रमाणवजनाला बोट लावताना त्यानं पाहिलेला नव्हता. बाहेर जिन्यात सुतार कुणाला तरी नवी फळी कधी येणार ते विचारत होता.

"फार तर पाच मिलिग्रॅम गेलं असेल," अण्णा म्हणाले. "एवढी तूट आम्ही चालवून घ्यायचो. मूर्खा, विचारायचं तरी होतंस."

आईचं अजून सांगायचं होतं, पण तो फडक्याची घडी घालत राहिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पहिल्या बरणीचं झाकण स्वतः फिरवून काढलं, वजन वाळूवर ठेवलं, खुपसलं नाही, वरतीच, दिसेल असं. झाकण लावलं. मग पुन्हा एका हातात पहिली, एका हातात दुसरी, डोळे मिटून, आणि हात बदलून. ह्या वेळी त्यांना फार वेळ लागला, तरी तो पुढं झाला नाही.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

खालून ताईचा फोन आला. अण्णांनी काठी शोधली, ती घसरून टेबलाखाली गेली होती, ती काढायला तो खाली वाकला आणि तिथंच, टेबलाखाली, गुडघ्यांवर, जरा जास्तच वेळ थांबला. वर आला तेव्हा अण्णा सातव्या बरणीची पाटी तिरकी लागली आहे ते सांगत होते. त्यानं ती सरळ केली. शिसं आपण काढणार नाही, फळीखाली दोन लोखंडी टेकू मारू, हे त्यानं लिफ्टच्या दारातच ठरवलं, आणि मॅडमना काय सांगायचं त्याचा विचार करत तो अण्णांना गाडीपर्यंत सोडायला गेला.